दहावं नाव

सोमवार, ८ जानेवारी

नवी वही, नवा विभाग. विभागाचं नाव 'निर्माता-सहाय्य', आणि विभाग म्हणजे मी, एक टेबल, एक फोन आणि एक जाडजूड रजिस्टर. आमची तबकडी चालवणारी यंत्रं जे कारखाने बनवतील त्यांचं घोडं कुठे अडलं की त्यांनी फोन करायचा, मी उत्तर द्यायचं आणि रजिस्टरमध्ये मांडायचं. रकाने मीच आखले : तारीख, विचारणारा, प्रश्न, उत्तर देणारा, उत्तर. सकाळपासून फोन एकदाच वाजला, तोही चुकीचा नंबर. कुणाला तरी दाताचा डॉक्टर हवा होता.

घरी बसून सिनेमा बघायच्या तबकड्या सध्या दोन प्रकारच्या आहेत. आमची कडक प्लास्टिकच्या डबीत असते. डबीसकट यंत्रात सारायची, आतली तबकडी यंत्रच बाहेर ओढून घेतं, माणसाचं बोट तिला लागतच नाही. समोरच्या कंपनीची तबकडी नुसतीच, हातात धरून यंत्रात ठेवायची. ऑफिसात आमच्या तबकडीला 'डबीवाली' म्हणतात आणि त्यांच्या तबकडीला 'उघडी'. 'उघडी' म्हणताना शिपायापासून वरपर्यंत सगळे नाक मुरडतात.

आमचे साहेब रविवारीही टाय लावतात म्हणून ते टायसाहेब. त्यांनी माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर लाकडी फळा लावून घेतलाय. त्यावर दहा खिळे. जो कारखाना आपल्या बाजूने सही करेल त्याच्या नावाची पितळी पाटी खिळ्याला लटकवायची. "बाई, कोणती तबकडी चांगली हे कोण बघतो?" ते म्हणाले. "दुकानदार विचारतो, तुमच्या बाजूला कारखाने किती? सिनेमावालेही तेच विचारतात. पंधरा फेब्रुवारीला मला फळा भरलेला हवाय." सध्या पाट्या सहा आहेत. चार आणायच्या आहेत, आणि मी आणणार आहेच.

बुधवार, १७ जानेवारी

आज मी जे केलं ते कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिते. आणि खरं सांगायचं तर सांगायला जीभ सारखी वळवळतेय.

पंखे बनवणारा एक मोठा कारखाना आहे, त्यांना आता यंत्रं बनवायची आहेत. घड्याळं बनवणारा दुसरा, त्यांनाही तेच. दोघांकडे तीन-तीन चकरा झाल्या. पंखेवाले म्हणतात, "घड्याळवाले काय करतायत? ते आले तर बघू." घड्याळवाले म्हणतात, "पंखेवाल्यांचं ठरू दे." शेवटी डोकं फिरलं. सकाळी पंखेवाल्यांना फोन करून सांगितलं, घड्याळवाले आले. लगेच घड्याळवाल्यांना सांगितलं, पंखेवाले आले. चार वाजेपर्यंत दोघांच्या सह्या माझ्या टेबलावर!

खोटं बोलले म्हणावं, तर चार वाजता ते खरं झालं होतं. टायसाहेबांनी स्वतःच्या हाताने दोन पाट्या लावल्या. संध्याकाळच्या आत शिलाई-यंत्रवालेही आले, कारण पंखेवाले आणि घड्याळवाले दोघंही आले होते. झाल्या नऊ. मला हसू आवरेना.

रविवार, २८ जानेवारी

दादाकडे गेले होते. दादा माझ्याहून तेरा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी सातवीत होते. त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान दादाने वाढवून त्याचा छोटा कारखाना केला, चौदा माणसं. घर वर, कारखाना खाली. तारांना कथलाचा डाग द्यायला मला त्यानेच शिकवलं. पहिल्याच दिवशी मी फ्रॉकला भोक पाडून घेतलं, तेव्हापासून त्याच्यासाठी मी 'ठिणगी'. अडतिसाव्या वर्षीही चौदा माणसांच्या देखत "काय गं ठिणगे" म्हणतो. मी रागावते, पण त्याने तसं म्हटलं नाही तर मला चुकल्यासारखं होईल.

वहिनी वर कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "खालीच आहेत. सुट्टी काय, नि रविवार काय." खाली गेले तर टेबलावर उघडीचं यंत्र पार सुटं करून ठेवलेलं! प्रत्येक भाग पांढऱ्या कापडावर ओळीने मांडलेला. मी म्हटलं, "अरे, शत्रूचं पोट फाडून बसलास?" तो हसला. दोन वर्षांपासून त्याला स्वतःच्या नावाचं यंत्र काढायचंय. आजवर दुसऱ्यांसाठी सुटे भाग बनवून दिले, आता एकदा आपलं पूर्ण यंत्र दुकानाच्या काचेत दिसावं, एवढीच त्याची हौस. पण कारखाना इतका छोटा की एका वेळी एकाच तबकडीचं यंत्र बनेल. दोन दगडांवर पाय ठेवायची सोयच नाही.

"डबीचं दार उघडायला आत एक आकडा आहे ना," तो म्हणाला, "तो तीन-चारशे वेळा उघडझाप झाली की झिजतो. मग डबी आत अडकणार. उघडीत अडकायला काही नाहीच." मी म्हटलं, "आमचे इंजिनिअर झोपा काढत नाहीत रे." तो "बरं" म्हणाला आणि कापडाची टोकं उचलून त्याने ते सगळे भाग झाकून ठेवले.

मग मी त्याला पंखेवाले-घड्याळवाले प्रकरण रंगवून सांगितलं. दोन्ही फोन नक्कल करून दाखवले. वाटलं होतं पोट धरून हसेल. तो हसला, पण थोडंसंच. म्हणाला, "म्हणजे नऊ नावांतलं खरं कोण आलं?" हा आमचा दादा. मौजेच्या गोष्टीतही मोजपट्टी काढतो.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

दहावं नाव मिळत नाही. बॅटरीवाले नाही म्हणाले. सायकलवाल्यांनी चहा पाजला आणि नाही म्हणाले. टायसाहेब आज फळ्यासमोर उभे राहिले, रिकाम्या खिळ्यावर बोट ठेवलं आणि टाय सरळ करत निघून गेले. त्यांनी ओरडलेलं परवडलं असतं.

दादाला विचारावं का? छोटा कारखाना आहे, पण पाटीवर माणसांचा आकडा थोडाच लिहायचाय! शिवाय डबीवालीच जिंकणार, म्हणजे त्याचंही भलंच आहे. मी काही त्याला विहिरीत ढकलत नाहीये.

रविवार, ११ फेब्रुवारी

दादाने सही केली!

मी तासभर बोलले. चित्र किती स्वच्छ, बोटांचे डाग नाहीत, घरातल्या मुलांच्या हातीही निर्धास्त द्यावी, नऊ कारखाने आधीच आहेत. तो स्टुलावर बसून ऐकत होता. वहिनी चहा घेऊन आली आणि तिथेच थांबली. माझं संपल्यावर त्याने एकच विचारलं, "दहावं नाव नाही मिळालं तर तुझं काय होईल?" मी म्हटलं, "होणार काय, विभाग गुंडाळतील आणि मला परत टंकलेखनात बसवतील. पण ते जाऊ दे, मी तुझ्या फायद्याचं सांगतेय." वहिनी म्हणाली, "अहो, जरा विचार करून..." तो म्हणाला, "केला."

मग पेन मागितलं आणि सही करता करता म्हणाला, "यादीत एक तरी नाव खरं असू दे." मला इतकं हसू आलं! वहिनी मात्र कपबशा घेऊन तशीच वर निघून गेली. तिला आमची थट्टा कधीच कळत नाही.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

फळा भरला. फोटो निघाले. टायसाहेबांनी भाषणात माझं नाव घेतलं. दादा नवा सदरा घालून आला होता आणि मागच्या रांगेत बसला होता. फोटोसाठी पुढे बोलावलं तेव्हा खांबाआड उभा राहिला. फोटोत त्याचा अर्धा कान आलाय.

सोमवार, २ एप्रिल

नाकी नऊ आलेत. फोन ठेवला की वाजतो. पंखेवाले : डबी आत अडकते. घड्याळवाले : डबी आत अडकते. शिलाई-यंत्रवाल्यांच्या एका गिऱ्हाईकाने चिमट्याने ओढून काढायला जाऊन डबी, तबकडी आणि स्वतःचं नख तिन्ही मोडलं. आज एका दिवसात एकतीस फोन. आमचे मुख्य इंजिनिअर (यांना मी चष्मे म्हणते, कारण एक डोळ्यावर आणि एक कपाळावर असतो) वर आले आणि रजिस्टर वाचून डोकं धरून बसले.

दादाने काल चष्म्यांसाठी एक पाकीट दिलं होतं. "त्यांच्याच हातात दे." मी म्हटलं, "काय आहे?" तर म्हणे, "काही नाही, एक शंका आहे." दादाच्या शंका म्हणजे चार पानं. आज चष्म्यांना दिलं. उघडून बघायला मला वेळ कुठे होता?

शुक्रवार, ४ मे

चष्म्यांनी कमाल केली! माहितीपुस्तकाची नवी आवृत्ती आली. त्यात आकृती चौदा : आकड्याच्या मागे करंगळीच्या नखाएवढी एक वाकडी स्प्रिंग. ती बसवली की आकडा झिजत नाही, डबी अडकत नाही. सगळ्या कारखान्यांना पाठवली. मी त्यांचं अभिनंदन करायला गेले तर उगाच चष्मा पुसत बसले. म्हणाले, "अहो, तुमच्या..." आणि तेवढ्यात टायसाहेब आले, त्यांना घेऊन गेले. विनयशील माणूस आहे.

आता उलटीच पंचाईत. अडचण मिटली तसे फोन थांबले. या आठवड्यात चार. टायसाहेब महिन्याच्या शेवटी फोन मोजतात. पन्नासच्या खाली गेले तर विभागाची गरज काय, असं त्यांनी आडून सुचवलंच आहे.

रविवार, १३ मे

दादाकडे जेवले. यंत्र तयार झालंय त्याचं! वर त्याच्या कारखान्याचं नाव, छोट्या तिरप्या अक्षरांत. चौकातल्या दुकानाच्या काचेत एक ठेवलंय, ते दाखवायला मला मुद्दाम चालत घेऊन गेला. काचेपुढे उभा राहून दुकानदाराशी इकडचं तिकडचं बोलला, यंत्राकडे मात्र बघेना. लाजला होता चक्क.

जेवताना मी फोनचं रडगाणं गायलं. पन्नास फोन आणू कुठून! वहिनी म्हणाली, "दुसरं काही बोला की." दादा म्हणाला, "फोन वेगवेगळ्या कारखान्यांचेच हवेत असं काही आहे का? एकाच कारखान्याने पुन्हा पुन्हा केला तर?" मी म्हटलं, "फोन तो फोन."

मंगळवार, २२ मे

दादाला झालंय काय? कालपासून नऊ वेळा फोन. "हॅलो, निर्माता-सहाय्य विभाग? लाल तार कुठे जोडायची?" अरे, लाल तार! मला अकराव्या वर्षी लाल तार ज्याने शिकवली तो! मी म्हटलं, "पान सहा बघ." अर्ध्या तासाने परत : "पान सहावर छपाई पुसट आहे." वय झालं की काय त्याचं? एकावन्न हे काही वय नाही.

गुरुवार, ७ जून

आज दादाने आकृती चौदा विचारली. स्प्रिंग कुठल्या बाजूने बसवायची, वाकडी बाजू वर की खाली. मी उखडलेच. "दादा, डोळे आहेत ना? चित्रात बाण दाखवलाय. चष्म्यांनी एवढं डोकं लावून काढलंय ते, जरा नीट बघावं माणसाने!" तो शांतपणे म्हणाला, "हो, बाण दिसला. आभारी आहे, बाई." कामाच्या फोनवर मला 'बाई' म्हणतो, रजिस्टरला शोभावं म्हणून. मी खेकसून फोन ठेवला.

मे महिन्याचे फोन झाले होते त्रेपन्न. विभाग वाचला, हे मात्र खरं.

मंगळवार, १९ जून

वाईट बातमी. सिनेमे काढणाऱ्या सगळ्यात मोठ्या कंपनीने उघडीशी करार केला. म्हणे उघडी बनवायला सोपी. बोटांचे डाग? लोक म्हणतात, पुसू की सदऱ्याने!

दुपारी पंखेवाल्यांचा फोन. तबकडीचं काही नाही, एकच प्रश्न : "घड्याळवाले अजून आहेत ना?" मी म्हटलं, आहेत. दहा मिनिटांनी घड्याळवाले : "पंखेवाले आहेत ना?" जानेवारीत मी ज्या दोरीने दोघांना बांधलं, तीच दोरी आता दोघंही चाचपून बघतायत.

सोमवार, १६ जुलै

पंखेवाले गेले. तासाभरात घड्याळवाले गेले. जेवणाच्या सुट्टीनंतर शिलाई-यंत्रवाले. पाट्या काढायला शिपाई शिडी घेऊन आला, तर मी म्हटलं शिडी राहू दे, माझा हात पोचतो. आता फळ्यावर सात उरल्यात. शेवटची दादाची.

सोमवार, ६ ऑगस्ट

टायसाहेबांनी दार लावून घेतलं. आज त्यांनी टाय लावला नव्हता. म्हणाले, येत्या सोमवारी, तेराला, आपलीच कंपनी जाहीर करणार आहे की डबीवाली बंद. आपणही उघडीच बनवणार. तोपर्यंत कुणाकडे शब्द काढायचा नाही. "तुमच्या भावाकडेही नाही. तुमच्याकडून बाहेर पडलं असं कळलं तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही. आणि नाही पडलं, तर उघडीच्या नव्या विभागात तुमची जागा पक्की." मी मान हलवली.

सात दिवसांचाच तर प्रश्न आहे. सात दिवसांत काय बिघडणार?

बुधवार, ८ ऑगस्ट

दादाचा फोन. पान नऊवरचं काहीतरी. मी नीट उत्तर दिलं. मग म्हणाला, "उद्यापासून दुसऱ्या खेपेचा पत्रा कापायला घेतोय. सहाशे सांगाडे. एकदा कापले की मग मागे फिरणं नाही, डबीचं तोंड रुंद, उघडीला ते चालत नाही. म्हणून म्हटलं, काही बदल वगैरे नाही ना आकृत्यांमध्ये?"

मी म्हटलं, "नाही. आकृत्यांमध्ये काही बदल नाही."

हे अक्षरशः खरं होतं. आकृत्या बदललेल्या नाहीत. मी "अजून काही मदत हवी आहे का?" असंही विचारलं. तो थोडा थांबला. म्हणाला, "नाही, बाई. एवढंच."

गुरुवार, ९ ऑगस्ट

सकाळी चालत त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. पत्रा कापायच्या मशीनचा आवाज येत होता. पाचसात मिनिटं उभी राहिले आणि परत फिरले. ऑफिसला उशीर होत होता.

सोमवार, १३ ऑगस्ट

जाहीर झालं.

मला वाटलं होतं दादाचा फोन येईल, शिव्या देईल. आला नाही. मीच केला तर वहिनीने उचलला. म्हणाली, "ते खाली आहेत. माणसांशी बोलतायत." तिने 'तू कशी आहेस' विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

रविवार, २६ ऑगस्ट

आज हिंमत करून गेले. सांगाडे भिंतीला लागून छातीएवढे रचलेले, सगळ्यांची रुंद तोंडं माझ्याकडे. चौदापैकी अकरा जण गेले, तिघं आवराआवर करत होते. त्यातला सगळ्यात जुना फोरमन मला लहानपणी खांद्यावर घेऊन फिरायचा. तो आज "या, ताई" म्हणाला. पूर्वी "आली का आमची ठिणगी" म्हणायचा.

दादा टेबल पुसत होता. मी म्हटलं, "दादा, मला फार वाईट वाटतंय." तो म्हणाला, "तू काय करणार? धंदा आहे." दुकानाच्या काचेतलं यंत्र परत आणलं होतं, ते कोपऱ्यात होतं, त्यावर पांढरं कापड. सांगावं असं तीनदा वाटलं. की मला सहा तारखेलाच कळलं होतं. तीनदा तोंड उघडलं, आणि तिन्ही वेळा वेगळंच काहीतरी बोलले. एकदा तर त्याला विचारलं, पंखा बदललास का? भ्याड आहे मी. दुसरा शब्द नाही.

शुक्रवार, १४ सप्टेंबर

विभागाचा शेवटचा दिवस. सोमवारपासून मी खालच्या मजल्यावर, उघडीच्या विभागात. पक्की जागा.

दुपारी चष्मे आले, टेबलाच्या कडेवर टेकले आणि म्हणाले, "एक गोष्ट राहून गेली. आकृती चौदा तुमच्या भावाची. एप्रिलमध्ये तुम्ही पाकीट आणलंत ना, त्यात स्प्रिंगचं चित्र होतं, मापांसकट. सोबत चिठ्ठी : माझं नाव घालू नका, विभागाकडून आलं असं दाखवा. मी तेव्हा तुम्हाला सांगणार होतो." मी म्हटलं, "शक्य नाही. ती कशी बसवायची हे त्याने मलाच फोन करून विचारलं होतं." चष्म्यांनी डोळ्यावरचा चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

ते गेल्यावर मी रजिस्टर उघडलं. २१ मेपासून जुलैअखेरपर्यंत, विचारणारा : दादाचा कारखाना. एकशे सोळा वेळा. लाल तार, पान सहा, पुसट छपाई, बाण. आणि प्रत्येकापुढे माझ्या अक्षरात, उत्तर देणारा : मी. किती खेकसले होते मी! स्वतःची स्प्रिंग मला विचारत होता, आणि मी त्याला डोळे आहेत का विचारलं.

चार वाजता फोन वाजला. "हॅलो, निर्माता-सहाय्य विभाग?" आवाज दादाचा. "आज शेवटचा दिवस ना? म्हटलं, एक तरी फोन व्हावा. बाई, आकृती चौदा..."

"दादा," मी म्हटलं, "तूच सांग. वाकडी बाजू वर की खाली?"

मग त्याने सांगितलं. हळूहळू, लहानपणी सांगायचा तसं. वाकडी बाजू खाली, आधी डावं टोक अडकवायचं, मग अंगठ्याने दाबायचं, टक् असा आवाज आला पाहिजे. मी रजिस्टरमध्ये लिहिलं. विचारणारा : मी. उत्तर देणारा : दादा. "लिहिलंस?" त्याने विचारलं. मी म्हटलं, लिहिलं.

जाताना फळ्यावरची शेवटची पाटी काढून पर्समध्ये टाकली. कुणी विचारलं नाही.

रविवार, २५ नोव्हेंबर

दादा आता पंखेवाल्यांकडे कामाला जातो. उघडीची बिघडलेली यंत्रं दुरुस्त करायच्या टेबलावर. गळ्यात बिल्ला, त्यावर फोटो आणि नंबर. कारखान्याची जागा कुणीतरी गोदामाला घेतली, वहिनी सांगत होती. वहिनी हल्ली माझ्याशी बोलते, पण मी समोर असले की कुठलं तरी काम हातात घेते.

पाटी दादाला द्यायला नेली होती. त्याने उलटसुलट करून पाहिली, बाहीने पुसली आणि म्हणाला, "पितळ चांगलं वापरलंय." तेव्हा मला राहवलं नाही. सांगितलं. सहा तारखेला कळलं होतं, आठला तू विचारलंस, मी नाही म्हणाले, नऊला गल्लीच्या तोंडापर्यंत आले आणि मशीनचा आवाज ऐकून परत गेले. सगळं. वहिनी दारात उभी राहून ऐकत होती, पहिल्यांदाच तिच्या हातात काही काम नव्हतं.

मला वाटलं तो म्हणेल, जाऊ दे. तो तसं म्हणाला नाही. पाटी हातात तशीच धरून म्हणाला, "मला त्या दिवशी शंका आली होती. तू खेकसली नाहीस ना. एकदासुद्धा नाही. वर विचारलंस, अजून काही मदत हवी आहे का. फोन ठेवल्यावर मी पत्र्याच्या मशीनपाशी जाऊन बसलो. फोरमन म्हणाला, 'थांबू या का दोन दिवस?'"

"मग?"

"मग काय. मी म्हटलं, छे रे, काही असतं तर ठिणगीने सांगितलं असतं."

एवढं बोलून तो उठला आणि पाटी ठेवायला आत गेला. वहिनी दारातून बाजूला झाली. तिने विचारलं, "चहा टाकू?" मी हो म्हटलं.